फंक्शनमध्ये अपूर्णांक आला तर इन्व्हर्स कसा काढायचा, एकेक पायरी नीट

फ(क्ष) = २क्ष + ३ चा इन्व्हर्स काढा म्हटलं तर अकरावीतली बहुतेक पोरं दोन ओळीत काढून देतात. त्याच पोरांना फ(क्ष) = (२/३)क्ष − ५/४ दिलं की पेन थांबतो, मग मागचं उत्तर बघणं सुरू. मी नागपुरात अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवते आणि दर वर्षी हेच पाहते. इन्व्हर्स त्यांना समजलेला असतो हो, अडकते ते अपूर्णांकात, कारण सातवी-आठवीत छेद कसा घालवायचा हे घाईघाईत झालेलं असते आणि नंतर कोणी परत बसून सांगत नाही. म्हणून इथे मी इन्व्हर्सइतकंच अपूर्णांकाबद्दलही लिहिते आहे, थोडं लांबेल पण एका बैठकीत वही घेऊन सोबत सोबत सोडवलं तर हा विषय डोक्यातून पक्का होते.

आधी लिहिण्याबद्दल दोन गोष्टी. इथे सगळं देवनागरीत टाईप करून राहिली आहे म्हणून एक्सच्या जागी क्ष, वायच्या जागी य आणि फंक्शनच्या नावाला फ लिहिते, वहीत आणि पेपरात तुम्ही नेहमीसारखी इंग्रजी अक्षरंच लिहा. दुसरं म्हणजे (२/३)क्ष असं कंसात लिहिलं की दोन तृतीयांश गुणिले क्ष, क्ष वरच्या बाजूला आहे. मोबाईलवर मित्राला डाऊट विचारताना कंस न टाकता २/३क्ष पाठवलं तर समोरचा क्ष छेदात आहे असं समजू शकते आणि मग दोघांची उत्तरं वेगळी येतात, त्यामुळे टाईप करताना कंसाचा कंटाळा करू नका.

इन्व्हर्स म्हणजे नेमकं काय विचारतात

फंक्शनचा प्रश्न असतो, क्ष दिला तर य किती? इन्व्हर्सचा प्रश्न उलटा, य हातात आहे, तर क्ष कोणता घेतला होता?

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ ला जाते हे आपल्याला काही नवीन नाही. आता अमेरिकेतल्या मावसभावाला हे सांगायचं तर त्याला फॅरनहाइटमध्ये सांगावं लागते, आणि त्याचं सूत्र आहे फॅ = (९/५)से + ३२. ४५ ला ९/५ ने गुणलं, ८१ आले, त्यात ३२ मिळवले, ११३ झाले. हे झालं फंक्शन, आणि बघा, अपूर्णांकवालं लिनिअर फंक्शनच आहे (लिनिअर म्हणजे ज्याचा ग्राफ सरळ रेषा येतो). आता तो म्हणाला की आमच्याकडे आज ११३ आहे, तर आपल्याला परत सेल्सिअसमध्ये यायचं आहे. ११३ मधून ३२ काढा, ८१ राहिले, ८१ ला ९/५ ने भागा, म्हणजेच ५/९ ने गुणा, ४५. म्हणजे से = (५/९)(फॅ − ३२), हाच इन्व्हर्स.

यात दोन गोष्टी झाल्या. प्रत्येक क्रिया उलटी झाली, गुणाकाराच्या जागी भागाकार आणि बेरजेच्या जागी वजाबाकी. आणि क्रमही उलटा झाला, जाताना आधी गुणलं मग मिळवलं, येताना आधी वजा केलं मग भागलं. मेट्रोने खापरीहून लोकमान्य नगरला जायचं असेल तर आधी ऑरेंज लाईन, सीताबर्डीला उतरून मग ॲक्वा लाईन, आणि परत येताना पहिले ॲक्वा मग ऑरेंज, आणि दोन्ही उलट दिशेने. लोकमान्य नगरला उभं राहून ऑरेंज लाईन शोधली तर सापडणारच नाही, कारण आपण शेवटी जिथे पोचलो तिथूनच परतीची सुरुवात होते.

क्रम चुकला तर काय होते तेही करून बघा. ११३ ला आधी ५/९ ने गुणलं तर ६२.७८ येतात, त्यातून ३२ वजा केले तर ३०.७८. आपल्या नागपूरच्या ४५ चेच ११३ झाले होते, मग परत येताना ३१ डिग्री? कोणालाच पटणार नाही, आणि न पटणं हेच इथे कामाला येते. उत्तर आलं की ते शक्य आहे का एवढं स्वतःला विचारायची सवय लावा.

ही उलट जायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्येच हा नियम सांगून ठेवला आहे की उलट जाताना गुणाकाराचा भागाकार होतो, भागाकाराचा गुणाकार, मिळवलेलं वजा होते आणि वजा केलेलं मिळवायचं. दीड हजार वर्षांत नियम बदललेला नाही.

मुख्य उदाहरण, सावकाश

फ(क्ष) = (२/३)क्ष − ५/४ घेऊ, जिथे पेन थांबतो तेच.

पहिली पायरी, फ(क्ष) च्या जागी य लिहा. य = (२/३)क्ष − ५/४. काही पोरं ही ओळ गाळतात आणि फ(क्ष) तसंच ओढत नेतात, मग पुढे पानभर गोंधळ होतो.

दुसरी पायरी, छेद घालवा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. छेद आहेत ३ आणि ४, लसावि १२. आता समीकरणातल्या प्रत्येक पदाला १२ ने गुणायचं, प्रत्येक म्हणजे डावीकडच्या य लाही. १२ गुणिले य म्हणजे १२य. १२ गुणिले २/३ म्हणजे १२ भागिले ३ चार, चार दुणे आठ, म्हणजे ८क्ष. १२ गुणिले ५/४ म्हणजे १२ भागिले ४ तीन, तीन पंचे पंधरा, १५. ओळ झाली १२य = ८क्ष − १५. अपूर्णांक गेला, आता हे गणित आणि २क्ष + ३ वालं गणित यात काही फरक राहिला नाही.

असं गुणणं चालते का, असं काही पोरं विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. दोन बाजू सारख्या आहेत, दोघींना एकाच संख्येने गुणलं तर त्या सारख्याच राहतात, फक्त ती संख्या शून्य नको. एवढंच कारण आहे.

तिसरी पायरी, क्ष एकटा करा. दोन्ही बाजूंत १५ मिळवा, १२य + १५ = ८क्ष. दोन्ही बाजूंना ८ ने भागा, क्ष = (१२य + १५)/८. "बाजू बदलली की चिन्ह बदलते" हा शॉर्टकट सगळ्यांना तोंडपाठ असतो पण शिकताना मी तो वापरू देत नाही, कारण गुणाकारातली संख्या पलीकडे नेतानाही पोरं चिन्ह बदलून टाकतात, ८ चा −८ करून बसतात. दोन्ही बाजूंना काय केलं ते समासात लिहा, "+१५", "÷८", बस. आठ दिवस असं केलं की चूक आपोआप बंद होते.

चौथी पायरी, अक्षरं अदलाबदल करून उत्तर लिहा, फ च्या इन्व्हर्सला फ⁻¹ लिहितात. फ⁻¹(क्ष) = (१२क्ष + १५)/८.

पाचवी पायरी, पडताळा. सोपा क्ष घ्या, ज्याने छेद कटेल असा. क्ष = ३ घेतला तर फ(३) = २ − ५/४ = ३/४. आता ३/४ इन्व्हर्समध्ये टाका, १२ गुणिले ३/४ म्हणजे ९, ९ + १५ = २४, भागिले ८, तीन आले. निघालो तिथेच परत आलो, म्हणजे उत्तर बरोबर. एकाच किमतीने तपासणं म्हणजे पूर्ण सिद्धता नाही हे खरं, पण नेहमीच्या चुका त्यात पकडल्या जातात. पूर्ण दाखवायचं असेल तर फ(फ⁻¹(क्ष)) काढा. (२/३) गुणिले (१२क्ष + १५)/८ म्हणजे (२४क्ष + ३०)/२४, म्हणजे क्ष + ५/४, त्यातून ५/४ गेले, क्ष राहिला.

आता या उदाहरणात कुठे कुठे पाय घसरतो ते सांगते, कारण त्या जागा ठरलेल्याच आहेत.

डावीकडचा य गुणायचा राहून जातो आणि ओळ होते य = ८क्ष − १५. तिथून (य + १५)/८ येते, ३/४ टाकून पाहिलं तर दोनच्याही खाली येते, तीन येत नाही.

लसावि न घेता सरळ उलट क्रिया करणारी पोरं य + ५/४ = (२/३)क्ष पर्यंत बरोबर येतात, आणि मग ३/२ ने गुणताना कंस टाकत नाहीत, लिहितात (३/२)य + ५/४. ३/२ ने पूर्ण बाजूला गुणायचं आहे, (३/२)(य + ५/४), म्हणजे (३/२)य + १५/८. कंस विसरलेल्या उत्तरात ३/४ टाका, ९/८ + १०/८ = १९/८ येते. लगेच कळते.

तिसरी जागा म्हणजे उत्तर आल्यावर काटाकाटी. (१२क्ष + १५)/८ मध्ये १२ आणि ८ ला चारने कापून (३क्ष + १५)/२ लिहिलेलं मी कितीतरी वह्यांत पाहते. अंशात बेरीज असेल तर कापायचं तर दोन्ही पदांतून कापावं लागते, १५ ला चारने भाग जात नाही, मग कापायचं नाही. हवं असेल तर वेगवेगळं लिहा, (३/२)क्ष + १५/८.

आणि यावरून आठवलं, (१२क्ष + १५)/८ आणि (३/२)क्ष + १५/८ ही दोन्ही एकच उत्तरं आहेत. पुस्तकाच्या मागे एक रूप असते, आपलं दुसरं येते, आणि पोरगी बिचारी बरोबर आलेलं उत्तर खोडून टाकते. खोडायच्या आधी दोन्हींत क्ष = ० आणि क्ष = १ टाकून पाहा. दोन ठिकाणी जुळलं तर लिनिअर फंक्शन तेच असते, कारण दोन बिंदूंतून एकच रेषा जाते.

बाकीचे आकार, जे पेपरात येतात

पूर्ण अंश एकाच छेदावर असेल तर सगळ्यात सोपं. फ(क्ष) = (३क्ष − ७)/५. य = (३क्ष − ७)/५, पाचने गुणलं, ५य = ३क्ष − ७, क्ष = (५य + ७)/३. फ(४) = १ आणि (५ + ७)/३ = ४. झालं.

अपूर्णांकाच्या आधी वजाचं चिन्ह असेल तर मात्र थांबा. फ(क्ष) = ४ − (क्ष + २)/३. तीनने गुणलं की ३य = १२ − (क्ष + २), आणि हा कंस लिहायचाच, कारण कंस सोडवला की १२ − क्ष − २ होते. कंस न लिहिता थेट १२ − क्ष + २ लिहिणं ही या प्रकारातली ठरलेली चूक. भागाकाराची आडवी रेघ ही कंसाचंच काम करत असते, ती रेघ गेली की तिच्या जागी कंस आलाच पाहिजे. पुढे ३य = १० − क्ष, क्ष = १० − ३य, म्हणजे फ⁻¹(क्ष) = १० − ३क्ष. पडताळा, फ(१) = ४ − १ = ३, आणि १० − ९ = १. चुकीच्या कंसाने १४ − ३क्ष येते आणि तिथे तीन टाकले तर पाच मिळतात.

क्ष दोन ठिकाणी असेल तर, फ(क्ष) = क्ष/२ + (क्ष − १)/३. इथे उलट क्रिया करत जाता येत नाही, कारण सुरुवात कुठून झाली तेच धड नाही, आधी दोन्ही क्ष एकत्र आणावे लागतात. लसावि ६, मग ६य = ३क्ष + २(क्ष − १) = ५क्ष − २, क्ष = (६य + २)/५. फ(४) = २ + १ = ३, आणि २० भागिले ५ चार. म्हणूनच मी लसाविची रीत आधी शिकवते, ती सगळीकडे चालते. एकच छेद असेल तर उलट क्रियांची रीत पटकन होते हे खरं आहे, पण ज्याचे अपूर्णांक कच्चे आहेत त्याने एकच रीत पक्की करावी.

पूर्णांकयुक्त अपूर्णांक आणि दशांश मिसळले असतील तर आधी सगळं साध्या अपूर्णांकात आणा, अडीच म्हणजे ५/२, ०.७५ म्हणजे ३/४. मग अडीच क्ष वजा ०.७५ चं ४य = १०क्ष − ३ होते आणि इन्व्हर्स (४क्ष + ३)/१०.

अदलाबदल आधी की शेवटी

काही शिक्षक पहिल्याच ओळीत क्ष आणि य ची जागा बदलायला सांगतात, काही शेवटी. उत्तर दोन्हीकडे एकच. मी शेवटी करा म्हणते आणि त्याला कारण आहे. वरचं तापमानाचं सूत्र घ्या, तिथे से म्हणजे सेल्सिअस आणि फॅ म्हणजे फॅरनहाइट, त्यांची जागा सुरुवातीलाच बदलली तर से = (९/५)फॅ + ३२ असं काहीतरी तयार होते जे खरंच नाही. अक्षराला अर्थ असेल तेव्हा फक्त अक्षर एकटं करायचं, बदलायचं नाही. फिजिक्समध्ये तर कधीच बदलायचं नाही. नुसत्या गणितात इनपुटला क्ष म्हणायची पद्धत आहे म्हणून शेवटच्या ओळीत नाव बदलायचं, एवढंच.

तुमचे सर सुरुवातीला बदला म्हणत असतील तर तसं करा, पण मग सोडवताना य एकटा करायचा हे लक्षात ठेवा, अर्धी रीत इकडची अर्धी तिकडची असं केलं की परत मूळ फंक्शनच हातात येते.

आणि फ⁻¹ म्हणजे १ भागिले फ नाही. आपल्या उदाहरणात १/फ(क्ष) म्हणजे १२/(८क्ष − १५) आणि फ⁻¹(क्ष) म्हणजे (१२क्ष + १५)/८, दोघांचा काही संबंध नाही. वर −१ लिहायची ही पद्धत जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१३ मध्ये वापरली, तेव्हापासून चालत आली आहे. संख्येवर −१ असेल तर व्यस्त संख्या, फंक्शनच्या नावावर असेल तर इन्व्हर्स.

सोडवायच्या आधीच उत्तराचा अंदाज

फ(क्ष) = अ × क्ष + ब असेल (अ आणि ब या ठरलेल्या संख्या) तर फ⁻¹(क्ष) = (१/अ)क्ष − ब/अ. पाठ करायची गरज नाही पण तपासायला फार कामाचं आहे. क्ष चा सहगुणक उलटा होतो, २/३ चा ३/२, ९/५ चा ५/९. दोघांचा गुणाकार १ यायलाच पाहिजे. आणि सहगुणकाचं चिन्ह बदलत नाही, मूळचा वजा असेल तर इन्व्हर्समध्येही वजाच. माझ्या अनुभवात ही एक तपासणी केली तरी निम्म्या चुका तिथेच दिसतात, दोन सेकंदाचं काम आहे.

ग्राफ काढला तर फ आणि फ⁻¹ या दोन रेषा य = क्ष या रेषेच्या दोन बाजूंना आरशात दिसाव्या तशा पडतात. त्यामुळे मूळ रेषा य = क्ष ला जिथे कापते तिथेच इन्व्हर्सही कापतो. आपल्या उदाहरणात क्ष = (२/३)क्ष − ५/४ सोडवलं की क्ष = −१५/४ येते, आणि हा −१५/४ इन्व्हर्समध्ये टाकला तर (−४५ + १५)/८ म्हणजे −३०/८, परत −१५/४ च. तापमानात हा बिंदू −४० आहे, उणे चाळीस सेल्सिअस आणि उणे चाळीस फॅरनहाइट एकच. (९/५) गुणिले −४० म्हणजे −७२, अधिक ३२, −४०. करून बघा, छान वाटते.

फॅरनहाइटची मोजपट्टी १७२४ ची आणि सेल्सिअसची १७४२ ची. सेल्सिअसने मुळात उलटी मोजपट्टी केली होती, पाणी उकळते तिथे ० आणि बर्फ होते तिथे १००, ती पुढे पालटली गेली. जुन्यावरून नव्यात जायचं फंक्शन झालं फ(क्ष) = १०० − क्ष. याचा इन्व्हर्स काढा, य = १०० − क्ष, क्ष = १०० − य, तेच फंक्शन परत आलं! सहगुणक −१ असला की असंच होते, फंक्शन स्वतःच स्वतःचा इन्व्हर्स असते. पेपरात असं उत्तर आलं तर आपण चुकलो समजून खोडू नका.

स्वतःचाच भाग मिळवला असेल तर

हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि व्यवहारात लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. दुकानदार म्हणतो १८ टक्के जीएसटी धरून ११८० रुपये, तर जीएसटीशिवाय किंमत किती? पुष्कळ जण ११८० चे १८ टक्के काढतात, २१२.४०, आणि वजा करून ९६७.६० सांगतात. बरोबर उत्तर १०००. फंक्शन आहे फ(क्ष) = क्ष + (१८/१००)क्ष = (११८/१००)क्ष, तर इन्व्हर्स (१००/११८)क्ष. टॅक्स मूळ किमतीवर लागला होता, वाढलेल्या किमतीवर नाही, म्हणून वाढलेल्यातून तितकेच टक्के काढून चालत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत हेच धडधडीत उदाहरण देऊन शिकवलं आहे. एक संख्या ३ ने गुणली, आलेल्यात त्याचाच ३/४ मिळवला, ७ ने भागलं, आलेल्यातून त्याचाच १/३ वजा केला, मग वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ घेतलं, ८ मिळवले, १० ने भागलं, उत्तर २ आलं, तर संख्या कोणती? शेवटून सुरू करा. २ गुणिले १० वीस, वजा ८ बारा, वर्ग १४४, अधिक ५२ म्हणजे १९६, वर्गमूळ १४. इथपर्यंत ठीक. आता १४ मध्ये त्याचा १/३ मिळवायचा नाही, १/३ गेल्यावर राहिलेले २/३ म्हणजे हे १४ आहेत, म्हणून ३/२ ने गुणा, २१. सातने गुणा, १४७. हे १४७ म्हणजे मूळचे ७/४ आहेत, म्हणून ४/७ ने गुणा, ८४. तीनने भागा, २८. सुरुवातीचे चारही टप्पे एकत्र केले तर ३ गुणिले ७/४ गुणिले १/७ गुणिले २/३ म्हणजे फक्त १/२ उरते, एवढे सगळे अपूर्णांक आणि शेवटी संख्येचं अर्धं! २८ चे १४. त्यामुळे लांबलचक अपूर्णांक दिसले तर आधी एकत्र करून पाहा.

इन्व्हर्स नसतो केव्हा

लिनिअर फंक्शनमध्ये क्ष चा सहगुणक शून्य नसेल तर इन्व्हर्स असतोच. शून्य असेल तर फ(क्ष) = ५/४ असं स्थिर फंक्शन उरते, कुठलाही क्ष टाका ५/४ च, मग परत कसं जाणार. कधी कधी हे लपलेलं असते, (२क्ष + १)/४ − क्ष/२ मध्ये क्ष कटून १/४ च राहते.

क्ष छेदातही असेल, समजा (२क्ष + १)/(क्ष − ३), तर ते लिनिअर नाही पण पोरं सोबतच विचारतात. तिरकस गुणाकार करा, य × क्ष − ३य = २क्ष + १, क्ष वाली पदं एकीकडे आणून क्ष सामाईक काढा, क्ष(य − २) = ३य + १, म्हणजे क्ष = (३य + १)/(य − २). मूळ फंक्शनमध्ये क्ष तीन नको आणि इन्व्हर्समध्ये दोन नको, हे लिहायला विसरू नका.

पेपरात

बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना मार्क असतात, म्हणून य = पासून फ⁻¹(क्ष) = पर्यंत सगळ्या ओळी लिहा, आणि प्रश्नात इन्व्हर्स अस्तित्वात आहे हे दाखवायला सांगितलं असेल तर एकास-एक (वेगळ्या क्ष ला वेगळा य) आणि आच्छादक (ठरलेल्या संचातला प्रत्येक य कुठल्या तरी क्ष ने मिळतो) हे दोन्ही लिहा. एमएचटी-सीईटीत गोष्ट वेगळी, तिथे गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, सोडवत बसायला वेळ नाही. तिथे फ(०) काढा, आपल्या उदाहरणात −५/४, आणि चारही पर्यायांत −५/४ टाकून शून्य कुठे येते ते बघा. दोन पर्यायांत शून्य आलं तरच दुसरी किंमत घ्या.

सरावाला ही घ्या, उत्तरं लगेच खाली देते पण आधी झाकून सोडवा. एक, (५/६)क्ष + २/३. दोन, (१ − ४क्ष)/७. तीन, ३ − (२क्ष − १)/४. चार, क्ष/४ − (क्ष − ३)/६. पाच, धरमपेठेतल्या एका दुकानात छापील किमतीवर २० टक्के सूट आणि मग उरलेल्यावर १८ टक्के जीएसटी, बिल ९४४ रुपये, छापील किंमत किती?

उत्तरं क्रमाने (६क्ष − ४)/५, मग (१ − ७क्ष)/४, मग (१३ − ४क्ष)/२, मग १२क्ष − ६. तिसऱ्यात तुमचं (११ − ४क्ष)/२ आलं असेल तर वजाच्या चिन्हानंतरचा कंस राहिला, आणि चौथ्यात १२क्ष + ६ आलं असेल तर तिथेही तोच कंस. पाचव्यात ४/५ गुणिले ११८/१०० म्हणजे ११८/१२५, इन्व्हर्स १२५/११८, आणि ९४४ भागिले ११८ बरोबर ८, गुणिले १२५, म्हणजे १००० रुपये.